फॉक्स क्रीकच्या वळणावरचा ओक

सुमेधा गजभियेचं काम ऐकणाऱ्याला गमतीचं वाटायचं. इलिनॉय राज्यात जुने, अवाढव्य ओक कुठे कुठे उभे आहेत ते हुडकायचं, त्यांचा घेर मोजायचा आणि नकाशावर ठिपका द्यायचा. विद्यापीठाने तिला त्यासाठीच नेमलं होतं. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत किराणा भरायला गेली की ओळखीच्या बायका विचारायच्या, "म्हणजे तू झाडांची शिरगणती करतेस?" ती म्हणायची, "सगळ्यांची नाही हो, फक्त दादालोकांची."

१९९५ च्या उन्हाळ्यात तिने वर्तमानपत्रांतून आवाहन केलं होतं: तुमच्या भागात असामान्य मोठा ओक असेल तर कळवा. फोन यायला लागले. ज्याला त्याला आपल्या परसातलं झाड राज्यात सगळ्यात मोठं वाटत होतं. एका गृहस्थाने तर तासभर कौतुक करून जे दाखवलं ते मेपल निघालं. मग उन्हाळा सरता सरता एक दिवस एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. आवाज थकलेला, पण शब्द खणखणीत.

"मला एक झाड माहीत आहे. ते अजून उभं आहे का, माहीत नाही. कुठे आहे तेही धड सांगता येणार नाही. पण तुम्ही शोधून काढता असं पेपरात वाचलं."

"काहीतरी खूण सांगा ना," सुमेधा म्हणाली.

"माझ्या भावाला त्याच्यावर टांगलं होतं. ही खूण चालेल?"

बाईचं नाव अर्नेस्टीन टॉलिव्हर. शिकागोच्या साउथ साइडला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वय पंच्याऐंशी. उभी हयात इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून गेलेली. सुमेधा भेटायला गेली तेव्हा तिने आधी चहा दिला, मग समोर बसून, हात मांडीवर ठेवून, एखाद्या पेशंटची हकिगत सांगावी तशी सगळी हकिगत सांगितली.

दक्षिण इलिनॉयमध्ये फॉक्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी काळ्या लोकांची छोटी वस्ती होती. पुरुष लाकूड कापायच्या गिरणीत कामाला. अर्नेस्टीनचा थोरला भाऊ ओटिस एकोणीस वर्षांचा होता. एक दिवस गिरणीमालकाच्या मुलाने त्याच्यावर चाबूक उगारला आणि ओटिसने तो वरच्या वर धरला.

"मारलं नाही त्याने. हिसकावलासुद्धा नाही," अर्नेस्टीन म्हणाली. "नुसता धरला. चार माणसांदेखत."

त्याच संध्याकाळी ते आले. ओंडके ओढायची लोखंडी साखळी घेऊन आले. आई दारात आडवी झाली, तर तिच्या तोंडावर कुदळीच्या दांड्याने असा घाव घातला की तिचे पुढचे दात उंबऱ्यावर पडले. आठ वर्षांची अर्नेस्टीन मक्याच्या कोठारात दडली होती. फळ्यांच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. ओटिसच्या पायाला साखळी बांधून त्याला खडकाळ वाटेने ओढत नेलं. गावकुसाबाहेर, कोठारातून दिसेल अशा मोकळ्या रानात एक प्रचंड ओक उभा होता. त्याच्या आडव्या फांदीवरून साखळी टाकली, ओटिसला वर खेचलं आणि साखळीचं दुसरं टोक खोडाला गुंडाळून आकड्यात अडकवलं.

"तो लवकर मेला नाही," ती म्हणाली. "लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघत होते. मग घरं पेटवली. उजाडायच्या आत आमची सगळी वस्ती रेल्वेच्या रुळांवरून चालत होती. साखळी त्यांनी तिथेच ठेवली, पुन्हा कोणी परत येऊ नये म्हणून. ओटिसचं प्रेत आम्हाला दिलं नाही."

सुमेधाने 'का' म्हणून विचारलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तिच्या आजोळी तिच्या आजोबांच्या भावाला गावाने असंच संपवलं होतं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्याने मेलेलं ढोर ओढायला नकार दिला, एवढंच झालं होतं. बैलाच्या दाव्याने बांधून मारलं. ते दावं कोणाच्या गोठ्यातलं होतं हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पोलिसांना कधीच कळलं नव्हतं.

"तुम्हाला काय हवं आहे?" तिने विचारलं.

"ती जागा आठवणारी मी शेवटची," अर्नेस्टीन म्हणाली. "मी गेले की संपलं. मला ती जागा नकाशावर हवी आहे."

शोधायला तसं काहीच हाती नव्हतं. गिरणी केव्हाच गेली होती, वस्तीचं नाव नकाशावरून पुसलं गेलं होतं, आणि फॉक्स क्रीक चांगला वीस मैल वळणं घेत वाहत होता. पण अर्नेस्टीनला त्या झाडाच्या ओकफळांची टोपी आठवत होती. लोकरीची झालर लावल्यासारखी. म्हणजे झाड बर ओक जातीचं, हे पक्कं झालं. दुसरं म्हणजे ते मोकळ्या रानात वाढलेलं होतं. दाटीत वाढलेला ओक सरळसोट वर जातो. मोकळ्यावरचा ओक मात्र खालपासून हातपाय पसरतो. सुमेधाने विमानातून हिवाळ्यात काढलेले त्या ओढ्याचे फोटो मागवले आणि भिंगाखाली धरून बसली. ओढ्याच्या एका वळणावर, कोवळ्या, उंच, किडकिडीत झाडांच्या गर्दीत तिला एकच पसरट, भला थोरला घेर दिसला. भोवतालचं रान फार तर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचं असावं. वस्ती उठली होती आणि तिथे रान माजलं होतं.

जमीन वेंडेल क्रूगर नावाच्या शेतकऱ्याची होती. पासष्टीचा, लालबुंद चेहऱ्याचा, भल्या दंडाचा माणूस. सुमेधाने फोन केला तेव्हा तो खूश झाला. राज्यातला सगळ्यात मोठा ओक आपल्या जमिनीवर निघतोय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? तो स्वतः पिकअपमधून तिला रानात घेऊन गेला, कॉफीचा थर्मासही घेतला.

झाडाशी येऊन सुमेधाने मान वर केली. एवढ्या वर्षांत तिने असं खोड पाहिलं नव्हतं. टेप गुंडाळायला क्रूगरला दुसरं टोक धरावं लागलं. घेर चोवीस फुटांच्या वर भरला. पूर्वेकडच्या जाड फांदीचा बुंध्याजवळचा तेवढा भाग उरला होता, पुढची कधीतरी मोडून पडली होती. आणि खोडावर, छातीच्या उंचीला, सालीची एक जाड वळी आडवी फिरली होती. बारीक दोरी बांधलेल्या बोटाला सूज यावी तशी.

तिने पोकळ गिरमिट काढलं. ते खोडात फिरवत आत घातलं की पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर येते, तिच्यावर वर्षावर्षाची वलयं दिसतात, झाडालाही इजा होत नाही. वळीच्या जरा वर तिने गिरमिट घातलं. कांडी बाहेर आली तेव्हा वीतभर भाग पिवळसर, स्वच्छ होता आणि पुढचं लाकूड शाई सांडल्यासारखं निळंकाळं.

"किडलंय का?" क्रूगरने विचारलं.

"नाही नाही," सुमेधा आपल्याच नादात म्हणाली. "ओकमध्ये लोखंड असलं की असं होतं. आमच्याकडे हिरड्याच्या पाण्यात खिळा टाकून शाई करायचे, तसंच हे. आत लोखंड आहे. झाडाने गिळलेलं." तिने नखाने वलयं मोजत नेली. "पहिलं महायुद्ध चालू होतं साधारण, तेव्हापासून."

वर पाहिलं तर क्रूगरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याने थर्मासचं झाकण शांतपणे लावलं.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. एका बाईंनी या झाडाबद्दल..."

"काळी आहे का ती?"

सुमेधाने नजर वळवली. तेवढं त्याला पुरलं. परतीच्या वाटेवर त्याने पिकअप खड्ड्यांतून सुसाट हाणली. तिला तिच्या गाडीपाशी सोडलं आणि दार असं आपटलं की आरसा हलला.

दोन दिवसांनी तिने त्याला फोन केला. अर्नेस्टीनबाईंना फक्त एकदा झाड बघू द्या, एवढंच मागितलं. क्रूगर म्हणाला, "शनिवारी ते झाड नसेल. माझी जमीन, माझं झाड. पुन्हा फोन केलास तर बघ." शेरीफच्या ऑफिसात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, स्वतःचं झाड तोडणं हा गुन्हा नाही."

नवरा संजीव त्या वर्षी जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर जायचा. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं.

"अगं, तू ट्री सर्व्हे करतेयस की मर्डर इन्व्हेस्टिगेट करतेयस?" तो वैतागला.

"झाड एकच आहे, संजीव."

"यार सुमेधा, रानातला माणूस आहे तो, घरात गन असणार. मी रविवारी फ्लाइट घेतो, तोवर थांब. प्लीज."

"रविवारी काय बघणार? बुंधा?"

त्यावर तो म्हणाला, "त्या आजींना तरी नेऊ नकोस."

पण अर्नेस्टीनबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी कोट घालून, काठी घेऊन त्या खाली फुटपाथवर उभ्याच होत्या.

क्रूगरच्या फाटकाशी पोचण्याआधीच चेनसॉचा आवाज ऐकू आला. फाटकात क्रूगरचा मुलगा डीन उभा होता, तिशीतला, बापासारखाच धिप्पाड, हातात लांब नळीची बंदूक. मागे रानातून पिकअपची चाकोरी सरळ झाडापर्यंत गेली होती. पानं गळलेली असल्यामुळे झाड रस्त्यावरून दिसत होतं, आणि त्याच्या बुंध्याशी वाकलेला क्रूगरही. खोडाच्या एका बाजूला पांढरं लाकूड उघडं पडलं होतं.

"गाडी वळवा," डीन म्हणाला.

सुमेधा गाडीतून उतरली. "त्यांना थांबव. आत लोखंड आहे. करवत अडकली तर उसळून अंगावर येईल. मी तुमच्याच भल्याचं सांगतेय."

"त्यांना माहितेय कुठे आहे ते. ते त्याच्या खाली कापतायत."

त्यांना माहितेय. म्हणजे हे सगळं घर त्या साखळीसकट इतकी वर्षं जेवत होतं, झोपत होतं, चर्चला जात होतं. तिने डीनच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला ढकललं आणि धावत सुटली.

मागून आरोळी आली, मग बार झाला. छर्रे डोक्यावरच्या फांद्यांतून सळसळत गेले, काटक्या खाली पडल्या. ती थांबली नाही. झाडाशी पोचून तिने खोडाला पाठ लावली, करवतीपासून हातभर अंतरावर. क्रूगरने करवत बाहेर ओढली. त्याचे डोळे लाकडाच्या भुशाने लाल झाले होते.

"बाजूला हो!"

"नाही होणार."

"कोणाची आहेस तू? तुझा काय संबंध यात?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण तेवढ्यात डीन पोचला आणि त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज तिला कानांनी नाही, कवटीच्या आतून ऐकू आला. ती कोसळली. तोंड रक्ताने भरलं, जिभेवर दाताचा तुकडा आला. डीनने तिला कोटाच्या कॉलरला धरून पालापाचोळ्यातून फरफटत दूर नेलं, बरगडीत एक लाथ घातली, आणखी एक घातली. "झोपून राहा!" तो ओरडत होता. त्याचा आवाज रडवेला झाला होता, पण लाथ थांबत नव्हती.

क्रूगरने करवत पुन्हा चालू केली आणि बाजू बदलली. सुमेधा पडल्या जागेवरून बघत होती. झाडाच्या त्या अंगाला सालीची वळी आडवी नव्हती. ती तिरकी होऊन खाली उतरली होती, थेट मुळापर्यंत. साखळीचं उरलेलं टोक तिथे लोंबकळत राहिलं असणार आणि झाडाने तेही गिळलं असणार. क्रूगरला ते दिसत नव्हतं. तो गुडघ्यावर बसून बरोबर त्या रेषेवर करवत धरत होता.

तिने ओरडायचा प्रयत्न केला. जबडा हलेना. तोंडातून नुसती रक्ताची गुळणी आणि घरघर आली. तिने हात वर करून बोट दाखवलं. डीनने त्या हातावर बूट ठेवला.

"वेंडेल क्रूगर!"

चाकोरीतून, काठी टेकत, अर्नेस्टीनबाई येत होत्या. फाटकापासून त्या कशा चालत आल्या देव जाणे. "साखळी तिथे आहे! तू कापतोयस तिथेच आहे! खाली सोडलेलं टोक मी पाहिलंय!"

क्रूगरने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. गेलंही असेल. त्याने दात-ओठ खाऊन करवत आत रेटली.

कर्कश किंकाळीसारखा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि करवत त्याच्या हातांतून उसळली. फिरतं पातं त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधोमध बसलं. तो मागे पडला. करवत बंद पडून बाजूला गेली आणि त्याच्या कोटातून रक्त असं उसळलं की समोरच्या उघड्या लाकडावर त्याचा लांब फराटा उमटला.

"डॅड!" डीनने बंदूक टाकली. बापाजवळ जाऊन तो नुसता हात हवेत धरून उभा राहिला, कुठे लावावे कळेना.

"घरी जा," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. शांत, कोरडा, ज्याला उलट उत्तर देता येत नाही असा. "फोन कर. अँब्युलन्स. पळ!"

तो पिकअपकडे पळाला. रानात तिघंच उरली.

सुमेधा रांगत क्रूगरपाशी पोचली. जखम खोल होती. रक्त ठोक्याठोक्याने बाहेर येत होतं. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते, पण डोळे उघडे होते आणि ते अर्नेस्टीनबाईंवर खिळले होते.

त्या त्याच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या, दोन्ही हात काठीवर. रक्त बघून गांगरणारी ती बाई नव्हती. हजारो माणसांचं रक्त थांबवलेले हात होते ते. हलले नाहीत.

"मी याला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याने होणार नाही ते. तू लाव. मी सांगते."

सुमेधाने तळहात जखमेवर ठेवला.

"तिथे नाही. वर. गळ्याखालच्या आडव्या हाडामागे खड्डा लागेल. त्यात अंगठा घाल आणि खाली बरगडीवर दाब. अजून. सगळं वजन टाक."

बोटांखाली धमनी उडत होती. तिने दाबलं. बरगड्यांतून कळ डोक्यापर्यंत गेली. रक्त कमी झालं, ठिपकत राहिलं. क्रूगर कण्हला. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या गालावर टपकत होतं.

आणि तेव्हा तिला वाटलं, सोडावं. कोणाला कळणार? अंगठा घसरला म्हणायचं. तोंड फुटलेली, बरगड्या मोडलेली बाई, किती वेळ दाबून धरणार? बैलाचं दावं, कुदळीचा दांडा, आठ वर्षांच्या मुलीसमोरची फट, सगळं तिच्या त्या एका अंगठ्यात येऊन बसलं. तिची पकड सैल झाली. रक्त पुन्हा उसळलं, कोमट, तिच्या बाहीत शिरलं. क्रूगरने तिच्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं.

"दाब," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

सुमेधाने मान वर केली. म्हातारीच्या चेहऱ्यावर दया नव्हती. रागही नव्हता.

"मला काय वाटतंय ते तुला सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण याला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती मला हवी आहे. मेलेला माणूस सांगत नाही. दाब, पोरी."

तिने दाबलं. हाताला गोळे आले, मग बधिरता आली, मग हात आपला आहे हेच कळेनासं झालं. अँब्युलन्सवाल्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्याला उचलत असताना अर्नेस्टीनबाई पहिल्यांदाच त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या. "माझ्या भावाचं काय केलं?" त्यांनी विचारलं. "नंतर. कुठे ठेवलं त्याला?"

क्रूगरचे डोळे मिटले होते.

सुमेधाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तारांनी दात बांधून टाकले. संजीव रविवारच्याऐवजी शनिवारीच पोचला होता. तिचा चेहरा बघून तो इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला. नंतर कित्येक आठवडे रजा काढून तो तिला नळीने वरणाचं पाणी पाजत होता आणि चंद्रपूरहून तिच्या आईचा फोन आला की खोटं बोलत होता: "तिचा घसा बसलाय, आई. तुमचं ऐकतेय ती, बोला तुम्ही." आई बोलत राही. सुमेधा रिसीव्हर कानाशी धरून डोळे पुसत राही.

डीनवर खटला झाला. ज्यूरीतल्या लोकांनी सुमेधाच्या वाकड्या झालेल्या जबड्याकडे पाहिलं, आणि तिने फाटक ओलांडलं होतं, त्याला आधी ढकललं होतं, याकडेही पाहिलं. त्याला तुरुंग झाला नाही. वर्तमानपत्रात 'झाडावरून वाद, दोघे जखमी' एवढंच छापून आलं. दोघांचीही नावं होती. तिसरं नाव कोणी छापलं नाही, म्हणून अर्नेस्टीनबाईंनी संपादकाला इतके फोन केले की शेवटी त्याने एक माणूस त्यांच्याकडे पाठवला, आणि मग ओटिस टॉलिव्हर हे नाव पहिल्या पानावर आलं. त्यानंतर सुमेधाच्या ऑफिसात दोन प्रकारचे फोन यायचे. काही लोक शिव्या द्यायचे. काही लोक, बहुतेक म्हातारे, हळू आवाजात म्हणायचे, "आमच्याकडेही एक झाड आहे."

ती त्या झाडांवरही गेली. तोंडाच्या तारा निघायच्या आधीच जायला लागली. संजीव आता भांडत नव्हता. गाडी चालवायला सोबत येत होता.

ओक उभा होता. तिसरा हिस्सा कापला गेला होता, पण वसंतात उरलेल्या अंगाला पालवी फुटली. विद्यापीठाने त्याची नोंद घेतली, नकाशावर ठिपका पडला. ते झाड राज्यात सगळ्यात मोठं नव्हतं. दुसऱ्या एका काउंटीत त्याहून थोराड ओक निघाला. अर्नेस्टीनबाई म्हणाल्या, "मला नंबर नको होता."

मे महिन्यात डीन सुमेधाच्या ऑफिसात आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. ती आपोआप खुर्चीवरून उठली आणि टेबलाच्या पलीकडे गेली. मोडलेला जबडा ठणकायला लागला. हातात काहीतरी असावं म्हणून तिने गिरमिट उचललं.

"डॅडने पाठवलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्यांचा तो हात गेला. आता बोलतात थोडंफार. त्यांच्या बापाने त्यांना सांगितलं होतं, ते सांगून ये म्हणाले." तो थांबला. "पुरलं नव्हतं त्याला. क्रीकला पूर होता. पाण्यात सोडून दिलं."

"आणखी?"

"एवढंच."

"सॉरी म्हणायला सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही."

"तुला म्हणायचंय?"

डीनने तिच्या जबड्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या लोखंडाकडे पाहिलं. तो वळला आणि जिना उतरून गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत सुमेधाने गिरमिट खाली ठेवलं नाही.

फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. ती शिकागोला गेली. अर्नेस्टीनबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. सुमेधाने जसं ऐकलं तसं सांगितलं, शब्द न बदलता. खाली रस्त्यावरून बस गेली, काचा थरथरल्या.

"तो क्रीक कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

"पुढे ओहायो नदीला मिळतो. ओहायो मिसिसिपीला."

"आणि मिसिसिपी?"

"समुद्राला."

अर्नेस्टीनबाईंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"म्हणजे तो त्यांच्या जमिनीत नाही," त्या म्हणाल्या, आणि ज्या हातांनी त्यांनी क्रूगरला स्पर्श केला नव्हता ते दोन्ही हात तोंडावर घेऊन मोठ्याने रडायला लागल्या. सुमेधा उठली, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून राहिली.